तीनशेचा नियम

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. सकाळचा चहा झाला होता, पेपर अर्धा वाचून झाला होता, एवढ्यात अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. अवेळी फोन वाजला की आमच्या पिढीच्या पोटात अजून गोळा येतो. तारेच्या दिवसांपासूनची सवय, जाता जात नाही. पण हा तर आनंदात होता.

"मामा, तीनशेचा नियम गेला! त्रेचाळीस वर्षांनी गेला. बाबा असते तर..."

आणि पुढे तो बोललाच नाही. मीही नाही.

बाबा म्हणजे आमचे दाजी. ताईचे यजमान. आयुष्यभर तारखात्यात नोकरी केली आणि घरी आल्यावर पुन्हा तेच, हौस म्हणून! ते हॅम होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरावर एरियल ताणायची आणि जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलत बसायचं. पैसे मिळत नाहीत, घेताही येत नाहीत. ताई म्हणायची, "दिवसभर कडकट्ट करून जीव भरत नाही, रात्री फुकट करतात." घरातल्या मंडळींना माळ्यावरची ती खोली आठवत असेल. भिंतभर जगभरून आलेली कार्डं लावलेली, आणि रात्री एकला खालच्या खोलीत झोपलेल्या पाहुण्यांना ऐकू येणारं डिड-डा-डिड.

मी इतिहास-मराठीचा मास्तर. बी.ए.ला विज्ञानाचा वाराही लागला नाही. त्यामुळे दाजी आणि भाचा जे भांडत त्यातलं मला निम्मं कळत नसे. पण गेल्या दोन वर्षांत भाच्याला फोनवर छळून छळून हा तीनशेचा नियम समजून घेतला, आणि मग लक्षात आलं की हा विषय आपलाच आहे. इतिहासाचा. आणि थोडा माझ्या स्वतःच्या एका चुकीचाही. ते शेवटी सांगतो.

तर सुरुवात तारेपासून. मोर्सने १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश पाठवला, ते आपण शाळेत शिकवतो. मोर्सची लिपी माणसाच्या हाताची आणि कानाची. इंग्रजीत ई हे अक्षर सगळ्यात जास्त येतं, म्हणून त्याला फक्त एक टिंब. क्वचित येणाऱ्या अक्षराला लांब खूण. हिशेब चोख, पण यंत्राला हा प्रकार अवघड. कोणतं अक्षर छोटं, कोणतं मोठं, हे यंत्राला कोण सांगणार?

म्हणून १८७४ साली एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तारबाबूने वेगळी लिपी काढली. प्रत्येक अक्षराला बरोबर पाच खुणा, प्रत्येक खूण 'आहे' किंवा 'नाही'. पाच खुणांच्या जुळण्या होतात ३२. इंग्रजीची अक्षरं २६, त्यात आकडे आणि विरामचिन्हं बसेनात. म्हणून दोन जुळण्या राखून ठेवल्या: 'आता अक्षरं येणार' आणि 'आता आकडे येणार' असं सांगायला. (आपल्या बाराखडीचं या ३२ खोल्यांच्या चाळीत काय झालं असतं, कल्पना करा!) एका सेकंदात किती खुणा पाठवल्या ते मोजायच्या मापाला पुढे याच बोदोवरून 'बॉड' असं नाव पडलं. हे नाव लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुने टेलिप्रिंटर भंगारात स्वस्त मिळू लागले. अवजड धूड, चालू केलं की घर हादरावं असा आवाज. तिथल्या हौशी मंडळींनी ते घरी आणले आणि रेडिओला जोडले. इकडे कळ दाबली की हजार मैलांवर कागदावर अक्षर उमटे. वेग सेकंदाला सुमारे ४५ खुणा, म्हणजे मिनिटाला साठेक शब्द. आणि नियम असा की हौशी माणसाने टेलिप्रिंटरवर बोदोची पाच खुणांची लिपीच वापरायची. का? तर नियम केला तेव्हा तीच होती म्हणून.

मग १९७०च्या दशकाच्या शेवटी घरगुती कॉम्प्युटर आले. त्यांची लिपी सात खुणांची, अ‍ॅस्की. तीत १२८ जागा. अक्षरं, आकडे, लहान-मोठी लिपी, सगळं ऐसपैस. पण अमेरिकेतल्या हौशी माणसाला ती रेडिओवर पाठवता येईना, कारण नियम पाच खुणांचा! शेवटी मार्च १९८० मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे रेडिओचे नियम करणाऱ्या सरकारी आयोगाने, अ‍ॅस्कीला परवानगी दिली. आणि परवानगी देताना एक कुंपण घातलं. २८ मेगाहर्ट्झच्या खालच्या लघुलहरींवर वेग ३०० बॉडच्या वर न्यायचा नाही.

हाच तो तीनशेचा नियम.

आता इथे एक गोष्ट नीट पाहा. हा नियम आला तेव्हा तो जाचक नव्हता. ४५ वरून ३०० म्हणजे सहापटीहून जास्त मोकळीक. टेलिफोनवर चालणारे घरगुती मोडेमसुद्धा तेव्हा ३००चेच असत. म्हणजे त्या दिवशी हे कुंपण नव्हतंच, उघडलेलं फाटक होतं. इतिहासात हे पुष्कळदा दिसतं. आज ज्याला आपण अडगळ म्हणतो ती कुणीतरी कधीतरी मोठ्या मनाने केलेली सुधारणा असते.

आणि नियमामागचं कारणही चांगलं होतं. लघुलहरींचा पट्टा फार चिंचोळा, आणि जगाचा एकच. वीस मीटरचा जो बँड जगभरच्या हॅमांचा आवडता, त्यात अमेरिकेत मोर्स आणि डेटा यांना मिळून १४.००० ते १४.१५० मेगाहर्ट्झ, म्हणजे फक्त १५० किलोहर्ट्झची जागा. त्यात कुणी हातपाय पसरून बसू नये, एवढाच हेतू.

मग वेगाचा आणि जागेचा संबंध काय? हे मला भाच्याने तीनदा सांगितलं तरी कळेना. शेवटी माझं मीच वर्गात नेऊन बसवलं, तेव्हा कळलं.

समजा, वर्गातल्या एका लांब बाकावर एक मुलगा बसला आहे आणि तो झेंडा हलवून निरोप पाठवतोय. झेंडा जितका भराभर हलवेल तितका निरोप लवकर जाईल. पण जितका भराभर हलवेल तितकी कोपराला जागाही जास्त लागेल आणि शेजाऱ्याला ढुशी बसेल. रेडिओचंही असंच आहे. खुणा जितक्या जलद, तितका संदेश रुंद होतो. म्हणून १९८० साली आयोगाने म्हटलं, सेकंदाला तीनशेपेक्षा जास्त वेळा झेंडा हलवायचा नाही. एक मुलगा, दोन झेंडे, एक 'आहे'चा आणि एक 'नाही'चा. अशा वर्गात वेग मोजला काय आणि जागा मोजली काय, एकच.

पण पुढे मुलं हुशार झाली! दोनाऐवजी आठ रंगांचे झेंडे आणले. आता एकदा झेंडा दाखवला की एकदम तीन 'आहे-नाही' कळतात. झेंडा हलवायचा वेग तोच, निरोप तिप्पट. शिवाय बाकावर एकाऐवजी अठरा मुलं शेजारी शेजारी बसवली, प्रत्येकाने सावकाश झेंडा हलवायचा. प्रत्येकाचा वेग नियमात, पण अख्खा बाक अडला. नियम मात्र वेगच मोजत राहिला. बाक कुणी मोजलाच नाही.

इथे थोडं थांबून, हौशी मंडळींनी मधल्या काळात काय काय केलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ते नुसतेच नियमाखाली दबून बसले होते असं वाटेल.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले होते. निरोपाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि पाठवायचा. म्हणजे पोस्टाची पाकिटंच. ही युक्ती १९७८ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या हौशी मंडळींनी उचलली. व्हँकुव्हरच्या लोकांनी त्यासाठी छोटं यंत्र तयार केलं आणि अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावच्या मंडळाने ते हौशी लोकांच्या खिशाला परवडेल असं करून गावोगाव पोचवलं. याला म्हणतात पॅकेट रेडिओ. इंटरनेट सामान्य माणसाला दिसायच्या आधी ही माणसं रेडिओवरून एकमेकांना टपाल टाकत होती. सगळी संध्याकाळची, नोकरीधंदा सांभाळून.

पण पॅकेट गावातल्या गावात छान चाले. लघुलहरींवर, म्हणजे हजारो मैलांच्या पल्ल्यावर, त्याची दाणादाण उडे. आकाशातून परतून येणारा आवाज कधी चढतो, कधी बुडतो. एक खूण चुकली की अख्खं पाकीट पुन्हा पाठवायचं. शुद्धलेखन घालताना अख्खा परिच्छेद एका दमात वाचावा आणि एका पोराचा एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून वाचावा, तसं.

इंग्लंडमधले पीटर मार्टिनेझ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीसच याला वेगळं उत्तर शोधलं होतं. जहाजांच्या टेलेक्सची पद्धत त्यांनी हौशी रेडिओसाठी बेतली. तीन अक्षरं पाठवायची आणि थांबायचं. पलीकडून 'पोचलं' आलं की पुढची तीन. 'पुन्हा' आलं तर तीच. मी चाळीस वर्षं शुद्धलेखन असंच घातलं. "झालं? झालं? पुढे..." याला त्यांनी अ‍ॅमटॉर नाव दिलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हौशी मंडळींनी पॅकेट आणि अ‍ॅमटॉर यांचं लग्न लावून पॅक्टर काढलं, त्याचं नावही दोघांच्या नावातून आलेलं. समुद्रात शिडाच्या बोटी घेऊन फिरणारे लोक पॅक्टरवरून घरी ई-मेल करू लागले.

याच मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये आणखी एक गंमत केली. सगळे वेगामागे धावत असताना ते उलटे गेले. माणूस टाइप किती करतो? सेकंदाला चार-पाच अक्षरं. मग तेवढाच वेग पुरे! सेकंदाला ३१ खुणा, आणि मोर्ससारखंच नेहमीच्या अक्षरांना छोट्या खुणा. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डवर चालतं, वेगळं यंत्र नको. जागा इतकी कमी लागते की एका माणसाच्या बोलण्याच्या जागेत कितीतरी गप्पा शेजारी शेजारी बसतात. याचं नाव पीएसके-३१.

आमच्या घरात आधुनिक काळ आला तो हा. भाचा टेक्सासला गेल्यावर तिथे त्यानेही परवाना काढला. दाजींनी सत्तरीला टेकल्यावर सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. आणि बापलेक रात्री-पहाटे पीएसके-३१वर रोमन लिपीत मराठी टाइप करू लागले. फोन स्वस्त झाले होते, भाचा म्हणे, "बाबा, फोनच करतो ना." दाजी म्हणत, "फोन काय, कुणीही करतो." एकदा मी शेजारी बसलो होतो. पडद्यावर एकेक अक्षर येत होतं, मधेच वेडंवाकडं होत होतं: aai la vichar pa#th dukhayche thamble ka. आईची पाठ दुखायची थांबली का, हा प्रश्न अर्धं जग ओलांडून, कुणाची तार नाही, कुणाचा टॉवर नाही, असा नुसत्या आकाशातून आला. ताई खुर्चीच्या मागे उभी राहून वाचत होती. त्या दिवसानंतर तिने "फुकट करतात" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

नंतर आले जोसेफ टेलर. हे नाव ऐकून मला धक्काच बसला, कारण हे नोबेलवाले! १९७४ मध्ये त्यांनी आणि रसेल हल्स यांनी प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार शोधला आणि १९९३ मध्ये दोघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीही पल्सार ऐकतात.) ताऱ्यांचे क्षीण आवाज ऐकायचं कसब टेलरनी आपल्या जुन्या छंदाला लावलं. २००१ पासून ते हौशी मंडळींसाठी फुकट प्रोग्राम लिहू लागले, आणि २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर त्यांनी एफटी-८ काढलं. आठ सूर, पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्या, आणि फक्त ५० हर्ट्झ जागा. कानाला नुसती खरखर ऐकू येते तिथे कॉम्प्युटर अक्षरं वेगळी काढतो. बघता बघता जग त्यावर लोटलं.

दाजींना ते मुळीच आवडलं नाही. एफटी-८मध्ये आपली खूण, गावाचा पत्ता आणि 'इतकं ऐकू येतंय' एवढंच जातं. आईच्या पाठीला जागा नाही. दाजी म्हणाले, "ही गप्प नव्हे रे, हजेरी आहे!"

आता नियमाकडे परत येऊ. पीएसके-३१चा वेग ३१, एफटी-८चा तर जेमतेम सव्वासहा. त्यांना तीनशेच्या कुंपणाचा काहीच त्रास नव्हता. मग अडत कुणाचं होतं? ज्यांना मोठा मजकूर कमी वेळात पाठवायचा होता त्यांचं. आणि असा मजकूर हौशी रेडिओवर कधी असतो? संकटात.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवेल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानचे फोन बंद पडले तेव्हा त्यांच्या रेडिओवरून माणसांची खुशाली बाहेर पोचली. तिथे बोलून काम भागवलं. पण हजारो नावांची यादी बोलून किती वेळ सांगणार?

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं. अख्ख्या बेटाची वीज गेली, मोबाइलचे जवळजवळ ९५ टक्के टॉवर बंद. ज्या बेटावर टेलरना तो पल्सार सापडला, त्याच बेटाला आता साधं "मी जिवंत आहे" एवढं सांगता येईना. अमेरिकन रेडक्रॉसने हौशी रेडिओवाल्यांची संघटना, अमेरिकन रेडिओ रिले लीग, हिला स्वयंसेवक मागितले. माणसं आपापले रेडिओ घेऊन गेली. काम होतं वाचलेल्यांच्या नावांच्या याद्या बाहेर पाठवायचं.

आणि इथे तो बाक पुन्हा आला. पॅक्टरची दोन रूपं होती. तिसरं पॅक्टर म्हणजे सावकाश झेंडे हलवणारी अठरा मुलं: प्रत्येकाचा वेग १०० बॉड, म्हणून कायदेशीर. मिळून जागा सुमारे २.४ किलोहर्ट्झ. चौथं पॅक्टर म्हणजे एकटा मुलगा, पण भराभर हलवणारा: वेग १८०० बॉड, म्हणून बेकायदा. त्याला जागा किती? तीच, सुमारे २.४ किलोहर्ट्झ! आणि निरोप जवळजवळ दुप्पट वेगाने जाणार. म्हणजे बाकावर तेवढीच जागा घेऊन निम्म्या वेळात उठून जाणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं होतं. शेजारच्या कॅनडात हा प्रश्नच नव्हता, तिथे बहुतेक लघुलहरींवर नियम रुंदीचाच, ६ किलोहर्ट्झचा.

लीगने आयोगाकडे विनंती केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगाने तीस दिवसांपुरती सूट दिली. पुढच्या वर्षांतही मोठं वादळ आलं की अर्ज, मग तात्पुरती सूट, मुदत संपली की पुन्हा तीनशे. दाजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. भाच्याने फोनवर हे सांगितल्यावर म्हणाले, "घर पेटल्यावर विहिरीवर जायची परवानगी काढायची!"

पण गंमत अशी की हेच दाजी नियम काढायच्या विरुद्ध होते. यावरूनच बापलेकांचं भांडण. मला वाटे म्हातारपणाचा हट्ट. आता समजतं की तो तसा नव्हता. अमेरिकेतही विचारी माणसं विरोधात होतीच. लीगने २००५ मध्ये नियम रुंदीवर न्यायची मागणी केली, तेव्हा इतका गदारोळ झाला की २००७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. म्हणणं दोन प्रकारचं. एक, मोर्सवाले आणि डेटावाले एकाच चिंचोळ्या पट्टीत बसतात. मोर्सचा आवाज म्हणजे बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं पोर. शेजारी धिप्पाड यंत्र येऊन बसलं, तेही स्वतः न ऐकता आपोआप बोलणारं, तर पोर चेंगरणारच. दुसरं अधिक खोल. हौशी रेडिओवर गुपित चालत नाही. जे बोलायचं ते कुणालाही ऐकता आलं पाहिजे, म्हणूनच हे लोक एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात, पोलिस लागत नाही. पण दाबून बारीक केलेला मजकूर तिसऱ्या माणसाला सहज वाचता येत नाही. दाजी म्हणत, "चावडीवर बोलायचं तर सगळ्यांना कळेल असं बोला. कानात कुजबुजायचं असेल तर घरी जा." यावर भाच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. खरं तर आजही नाही.

२०१३ मध्ये लीगने पुन्हा अर्ज केला. या वेळी मागणी स्पष्ट होती: वेगाची मर्यादा काढा आणि तिच्या जागी रुंदीची घाला, २.८ किलोहर्ट्झ. साधारण एका माणसाच्या बोलण्याला रेडिओवर लागते तेवढी जागा. २०१६ मध्ये आयोग वेगाची मर्यादा काढायला तयार झाला, पण रुंदीची मर्यादा नको म्हणाला! म्हणजे आधी चुकीचं कुंपण होतं, आता कुंपणच नाही. त्यावर पुन्हा सात वर्षं गेली. अखेर १३ नोव्हेंबर २०२३ ला आयोगाने तीनशेचा नियम काढला आणि २.८ किलोहर्ट्झची रुंदी घातली. ८ जानेवारी २०२४ पासून ते लागू झालं.

भाचा म्हणाला, "बघ, मी जिंकलो." मी म्हटलं, "नाही रे, दोघंही जिंकलात." कारण १९८० मध्ये आयोगाला जे हवं होतं, बाकावर कुणी हातपाय पसरू नयेत, ते या नव्या नियमात जुन्यापेक्षा जास्त नेमकं आहे. वेग हे त्या हेतूचं त्या काळापुरतं माप होतं. यंत्र बदललं तेव्हा माप चुकीचं झालं. हेतू चुकीचा नव्हताच. दाजी हेतू धरून बसले होते, भाचा मापावर बोट ठेवत होता, आणि मधे त्रेचाळीस वर्षं गेली.

आता माझी चूक.

आमच्या शाळेत नियम होता, बॉलपेनने लिहायचं नाही. शाईचं पेनच हवं. आधीच्या पिढीत टाकाऐवजी शाईच्या पेनाला परवानगी मिळाली तेव्हा तीही मोठी सुधारणाच होती म्हणे! कारण चांगलं होतं. सुरुवातीची बॉलपेनं गळायची, घसरायची, मुलांचं अक्षर बिघडायचं. मी नोकरीला लागलो तोवर बॉलपेनं चांगली झाली होती, पण नियम होता तसाच. सहामाही परीक्षा, बाहेर पाऊस. सातवीतल्या एका मुलाचं शाईचं पेन दप्तरात फुटलं. त्याने शेजाऱ्याचं बॉलपेन घेतलं आणि लिहू लागला. मी पर्यवेक्षक. मी त्याचा पेपर काढून घेतला, दुसऱ्याकडून शाईचं पेन मिळवून दिलं आणि पहिल्यापासून लिही म्हटलं. त्याचा पेपर अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तो काढून घेतलेला कागद पाहिला. अक्षर सुरेख होतं. वर्गातल्या निम्म्या शाईवाल्यांपेक्षा सुरेख. ज्या कारणासाठी नियम केला होता ते कारण त्या कागदावर पुरं झालेलं होतं, आणि मी पेन बघत बसलो होतो. मुख्याध्यापकांना सांगून त्याला पुन्हा बसवता आलं असतं. मी सांगितलं नाही. नियम आहे, असं स्वतःलाच सांगितलं. पुढे वर्षा-दोन वर्षांत तो नियम आपोआप विरला. कुणी रद्द केला नाही, कुणी कारणही विचारलं नाही. त्या मुलाची सहामाही मात्र गेली ती गेली.

म्हणून भाच्याच्या फोननंतर मला सरकारी आयोगाला हसता आलं नाही. तीस दिवसांची सूट देणाऱ्याने निदान तेवढी तरी दिली. मी पाच मिनिटांचीही दिली नव्हती.

दाजी २०१९ मध्ये गेले. त्यांची पितळी मोर्स की ताईने मला दिली, ती टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते. परवा भाच्याने नव्या नियमात बसणारा वेगवान संदेश ऐकवला. फोनवर नुसता फुस्सऽऽ असा आवाज, तव्यावर पाणी पडल्यासारखा. "यात काय होतं?" मी विचारलं. म्हणाला, "सरावाची यादी, मामा. दोनशे नावं." मग त्याने रेडिओची कळ किंचित बाजूला फिरवली. आणि तिथे, त्याच बँडवर, थोड्या अंतरावर, कुणीतरी सावकाश, अंग चोरून, हाताने मोर्स वाजवत होतं.

माझा हात आपोआप त्या पितळेवर गेला. मला मोर्स येत नाही. नुसता ऐकत बसलो.

असो. बरंच लांबलं. शाईच्या पेनाची शिक्षा तुमच्यापैकी कुणी भोगली असेल, तर त्यांची आज माफी मागतो.